नाकाची शिकवणी

पालो वेर्दे,
८ जानेवारी १९९३

ओब्दुलिया,

पत्र उघडायच्या आधी तू पाकीट नाकाला लावलं असशील. खोडच आहे तुझी. लग्नात पाद्रीबाबांचा झगासुद्धा तू हुंगला होतास आणि फाबियानच्या कानात काहीतरी पुटपुटली होतीस. माझा मुलगा हसला, मी रागावले. तू काय म्हणालीस ते मला आजवर कळलेलं नाही.

पावणेदोन वर्षांनी सासूचं पत्र आलं म्हणून कुणी गेलं की काय असं समजू नकोस. सगळे धडधाकट आहेत. डुकरीला सात पिल्लं झाली. शेजारची चोना अजून बोलतेच आहे. फाबियान उत्तरेकडच्या मळ्यांत आहे तो तिथेच आहे. महिन्यातून एकदा दुकानात त्याचा फोन येतो आणि 'तुम्हा दोघींच्या भांडणात मला ओढू नका' एवढं सांगून तो ठेवतो.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. शाळेचा मास्तर लिहून देतो म्हणत होता, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आत व्हॅनिलाची एक शेंग आहे, ती चेपिनासाठी. माझ्या नातीला सहा वर्षं पुरी झाली. आमच्यात सहाव्या वर्षी नाकाची शिकवणी सुरू होते, आणि ती आजीनेच द्यायची असते. आजी इथे आणि नात तिकडे तेकोलुत्लाला, समुद्रावर, म्हणून शिकवणी टपालाने द्यावी लागते आहे. टपाल म्हणजे आपला गाडीवाला एवेलिओ. तो दर आठवड्याला तुमच्या धक्क्यावर मासळी घ्यायला येतोच.

माझ्या आईने मला खळ्यावर शिकवलं. दिवसभर चटयांवर शेंगांना ऊन द्यायचं, संध्याकाळी त्या गरम असतानाच घोंगड्यांत गुंडाळून घाम यायला ठेवायच्या, आणि गुंडाळता गुंडाळता प्रत्येकीने एक आवडता वास सांगायचा आणि एक नावडता. नुसता वास नाही, तो कुठला, त्याची आठवण काय, तेही. खोटं चालायचं नाही, कारण वास सांगताना माणसाचा चेहरा आपोआप तसा होतो. पत्रात चेहरा दिसत नाही. तेवढी सवलत आपल्या दोघींनाही.

माझं मी सांगते. आवडता: आईच्या पेटीतले कपडे. ती प्रत्येक घडीत एक शेंग ठेवायची. सणाला ती पेटी उघडली की आम्ही पाची भावंडं तिथे डोकी घालून उभी. नावडता: उतू गेलेलं दूध. बाबांचं प्रेत खाटेवरून घरी आणलं त्या सकाळी चुलीवर दूध होतं आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. रडायचं सोडून मी ते दूधच पुसत बसले होते.

चेपिनाला सांग, वेलावरच्या हिरव्या शेंगेला काही वास नसतो. वास आपण आणतो, तीन महिने राबून. तिला डोळे मिटायला लाव, शेंग दे आणि ती काय म्हणते ते मला कळव.

बासिलिया सिम्ब्रोन

ता. क. तुला काय वास येतो तेही लिही. तुझं आधी लिही.


पालो वेर्दे,
२४ जानेवारी

ओब्दुलिया,

तुझं उत्तर मिळालं. मी चार पानं लिहावीत आणि तू पाच ओळी. असो, आलं हे काय थोडं.

चेपिना म्हणते, शेंगेला एवेलिओमामाच्या गाडीचा वास येतो. पोरगी पक्की आहे. शेंग त्याच्याच खिशातून आली होती.

तू लिहितेस: 'वाळलं गवत, वर लोणच्याचं पाणी. चिंच अजून आलेली नाही. ऊन कमी पडलंय.' अगदी बरोबर. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी कालच सगळ्यांना सांगितलं की आणखी चार उन्हं द्यायची. या वर्षी वीस घरांच्या शेंगा माझ्या खळ्यावर आहेत आणि डिसेंबरपासून आभाळ धड उघडलेलं नाही. चोना कुरकुरली, "मागच्या वर्षी नव्हती हो एवढी उन्हं लागली." मी म्हटलं, "मागच्या वर्षी तू एवढी बडबडत पण नव्हतीस." मग सगळ्या हसल्या आणि कामाला लागल्या. बासिलियाबाईंनी हुंगून सांगितलं म्हटल्यावर इथे पुढे कुणी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तू तुझे दोन वासही लिहिलेस. आवडता, बापाच्या होडीला लावलेलं डांबर. नावडता, ओली राख. डांबराची आठवण लिहिलीस, राखेची लिहिली नाहीस. ते नियमात बसत नाही. पण मला समजली.

मग मीही स्पष्टच सांगते. माझा सगळ्यात नावडता वास मासळीचा. तू नवी नवरी म्हणून दारात आलीस ती धुरी दिलेल्या बोयींची टोपली घेऊन. तुझ्या बापाने मोठ्या हौसेने पाठवली होती आणि मी ती दारातच थांबवली. इथे वीस घरांचं वर्षाचं पोट चटईवर पसरलेलं असतं आणि व्हॅनिला म्हणजे दुसऱ्याचा वास लगेच अंगाला लावून घेणारी जात. कांदा नको, अत्तर नको, रॉकेल नको. मासळी तर नकोच नको. विहिरीवर नेऊन राखेने आणि लिंबाने तुझे हात मी तीनदा धुवायला लावले. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. बाया बघत होत्या, तेवढं टाळता आलं असतं.

आज एक गोष्ट लिहून टाकते, तोंडाने माझ्याच्याने झाली नसती. लग्नानंतर आठवड्याभरातली. मी पेटाऱ्याशी बसले होते आणि तू खळ्याच्या दारात झाडू घेऊन उभी होतीस. तू तिथूनच म्हणालीस, "सासूबाई, तिसऱ्या घोंगडीत एक ओली राहिलीय." मी म्हटलं, "शिकवायला आलीस का मला?" तू गेल्यावर मी तिसरी घोंगडी उघडली. आठशे शेंगांत एकच होती, देठाशी ओली. माझ्या आईला ते जमलं असतं. मला दहा पावलांवरून जमलं नसतं, माझं नाक पंचवीस वर्षांचं तयार असताना. त्या दिवशी मी जेवले नाही. हेवा वाटला मला, आणि त्याच्याखाली दुसरंही काहीतरी वाटलं, त्याला मी अभिमान म्हणायला तयार नव्हते. आता म्हणते.

दुसरी शेंग पाठवते आहे. दोघी हुंगा.

बासिलिया


पालो वेर्दे,
१९ फेब्रुवारी

ओब्दुलिया,

आज पाकीट जाड आहे कारण चार शेंगा आहेत. तांबडा दोरा, निळा, पिवळा आणि पांढरा. चार घोंगड्यांतल्या आहेत. चेपिनाची परीक्षा समज.

तू विचारतेस, 'शिकवणी चेपिनाची, मग मागच्या शेंगेवर क्रिसोफोरोकाकांची तीन टिंबं कशी?' तुझी नजरही नाकासारखीच आहे. शेंग हिरवी असतानाच प्रत्येक घर काट्याने आपली खूण टोचतं, ती चोरांसाठी असते, सुनांनी सासूला उलटतपासणी करण्यासाठी नसते. माझ्या हाताला त्यांची लागली, त्यांची पाठवली.

इथे उत्तरेचा वारा सुटला आहे. आठ दिवस झाले, झिमझिम थांबत नाही आणि सूर्याचं नाव नाही. शेंगा घोंगड्यांत, घोंगड्या पेटाऱ्यांत, आणि आम्ही पेटाऱ्यांवर बसून चेहरे बघतो आहोत. दोन दिवसांनी ऊन पडलं तर ठीक, नाहीतर बुरशी धरणार. क्रिसोफोरोकाका सकाळ-संध्याकाळ येऊन विचारतात, "बासिलिया, काय म्हणतंय नाक?" मी म्हणते, "थांबा म्हणतंय." ऐंशीच्या घरातला माणूस, ओल्या टोपीने परत जातो.

तुझं दुसरं उत्तर चांगलं होतं. 'चिंच आली, खाली सुक्या आलुबुखारासारखं गोड, धूर नाही.' तुला शब्द सापडतात. आमच्या बाया नुसतं 'छान' म्हणतात. आणि चेपिनाने लिहिलंय की तिला आवडता वास आजीच्या शालीचा. शालीला कसला वास येतो गं? ते तिला विचार आणि कळव. मला माझ्याच शालीचं कुतूहल म्हणून विचारते.

चोना तुला काही कळवेल तर विश्वास ठेवू नकोस. झालं एवढंच की परवा घेवडा चुलीवर होता आणि मी तिथेच बसून दोरे कापत होते. ही बाई अंगणातून किंचाळत आली, "अगं बाई, घर जळतंय आणि तू दोरे काय कापतेस!" घर-बिर काही जळत नव्हतं. घेवडा तळाला लागला होता. थोडा जास्त लागला होता. माझं लक्ष शेंगांत होतं. माणसाचं लक्ष नसतं कधीकधी.

आवडता वास: चटईवर ऊन पडल्यानंतरचा पहिला अर्धा तास. तुझे सासरे गेल्यावर मी वर्षभर त्या अर्ध्या तासावर जगले.

चारी शेंगांचं वेगवेगळं लिही. एवेलिओला तिथेच थांबवून ठेव आणि उत्तर त्याच्याच हाती दे. चेपिनाला झोपेतून उठवायची गरज नाही. तू लिहिलंस तरी चालेल.

बासिलिया


पालो वेर्दे,
६ मार्च

ओब्दुलिया,

तांबडा बरा, निळा उत्तम, पिवळ्याला दोन उन्हं अजून. ते पोचलं.

पांढऱ्याबद्दल तू लिहितेस: 'ओल्या गोधडीचा वास. बुरशी धरलीय. सगळी घोंगडी उघडा, आजच्या आज.' आणि त्याच्याखाली: 'त्या वर्षीच्या पेटीला हाच वास होता. मासळीचा वास असा नसतो, सासूबाई. मी मासळीत वाढले आहे.'

पांढऱ्या दोऱ्याची घोंगडी मी भर दुपारी अंगणात उघडली. मास्तरचं भिंग आणून एकेक शेंग बघितली. बाराशे साठ शेंगांत अकरा निघाल्या, देठाशी पांढरी लव. त्या जाळल्या. बाकीच्या पुसून उन्हाला घातल्या आहेत, आता ऊन कडकडीत आहे. त्या अकरा मुरवायच्या पेटीत गेल्या असत्या तर चारी घोंगड्यांचा सत्यानाश झाला असता. क्रिसोफोरोकाकांनी सगळ्यांदेखत माझा हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "काय नाक आहे, बासिलिया!"

ते झालं. पण त्या वर्षीची पेटी उकरायचं तुला काही कारण नव्हतं. झालं गेलं. मासळीवर मला शिकवू नकोस. मी तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी आहे आणि या खळ्यावर माझा शब्द चालतो. शिकवणी इथेच पुरे. उत्तर लिहू नकोस.

बासिलिया सिम्ब्रोन


पालो वेर्दे,
१८ मार्च

ओब्दुलिया,

उत्तर लिहू नकोस म्हटलं आणि तू खरंच लिहिलं नाहीस. सात वर्षं तू माझ्या घरात होतीस, सांगितलेलं एवढ्या निमूटपणे कधी ऐकलं नव्हतंस. एवेलिओ दोनदा रिकाम्या हातांनी आला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "काही नाही दिलं हो मावशी. मी विचारलं, तर म्हणाली, सासूबाईंनी नको सांगितलंय." त्याला कॉफी दिली. तो पिऊन म्हणाला, "दालचिनी विसरलात वाटतं." मी आत जाऊन डबा बघितला. दालचिनी समजून मी कॉफीत दुसरंच काहीतरी टाकलं होतं.

माझं नाक गेलं आहे.

लिहिलं एकदाचं. ही ओळ लिहायला मला अडीच वर्षं लागली. तू इथे होतीस त्या शेवटच्या वर्षी ऑक्टोबरात मला ताप आला होता, आठवतं? तू डोक्यावर पट्ट्या ठेवत होतीस. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं नाताळपर्यंत येईल. मी लसूण हुंगला, रॉकेल हुंगलं, डुकराच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं.

कुणाला सांगणार होते? माझी आई, तिची आई, सगळ्या या खळ्याचं नाक होत्या. लोक शेंगा माझ्याकडे आणतात ते माझ्या हातांसाठी नाही. हात सगळ्यांनाच आहेत.

मग त्या वर्षीची पेटी. तेही ओल्या हवेचं साल होतं. बोटांनी चाचपून मी शेंगा पेटीत भरल्या, मेणकागद घातला, झाकण लावलं. तू म्हणालीस, "सासूबाई, एकदा मी हुंगू का?" मी म्हटलं, "बाजूला हो, मासळीचे हात घेऊन." तीन आठवड्यांनी सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि बाया मागे सरकल्या. मला फक्त त्यांचे चेहरे दिसले. त्यावरून कळलं की वाईट आहे. कसलं वाईट ते मला कळणार नव्हतं. आणि कुणी विचारायच्या आत मी तुझ्याकडे बोट केलं, "मासळी! हिच्या हातांची मासळी!"

ओब्दुलिया, तिथे वीस माणसं होती, वीसही नाकं धडधाकट. सगळ्यांना बुरशीचा वास आला असणार. एकट्या क्रिसोफोरोकाकांनी तोंड उघडलं, "मला तर ओल्या गोधडीचा..." मी म्हटलं, "काका, तुमचं नाक म्हातारं झालं." ते नाक चोळत मागे सरले. मग चोना म्हणाली, हो, मासळीच. मग सगळे मासळीच म्हणाले. ज्या एकटीला काही वास येत नव्हता तिच्या शब्दावर वीस जणांनी आपलं नाक खोटं ठरवलं. आणि तू पोरीचा हात धरून दुसऱ्या सकाळच्या गाडीने गेलीस. एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी भांडले असते, भांडणात मोकळी झाले असते. तू तेही केलं नाहीस.

याहून वाईट एक आहे, तेही लिहिते. रोज सकाळी विहिरीवर तू हात धुतलेस की मी ते नाकाशी धरायची आणि म्हणायची, "अजून येतो. पुन्हा धू." ताप गेल्यावरही पाच महिने मी तुझे हात नाकाशी धरत होते. आणि 'अजून येतो' म्हणत होते.

गेल्या साली ऊन चांगलं पडलं, देवाने लाज राखली. या साली आभाळ बघितलं आणि त्या वर्षीचीच पेटी डोळ्यांपुढे आली. मग शिकवणीची युक्ती सुचली. चेपिनाला शिकवायचं हे खोटं नव्हतं, पण शेंगा तुझ्यासाठी होत्या. मी तुझं नाक टपालाने उसनं घेत होते.

मला भीती कसली वाटते सांगू? मेलेल्यांच्या दिवसाला आपण दारापासून झेंडूच्या पाकळ्या टाकतो आणि धूप जाळतो, का, तर गेलेल्या माणसाला डोळे नसतात, तो वासावरून घर शोधतो. माझा नवरा तसाच येतो, आई तशीच येते. मी कशी येऊ? मला दारातला झेंडू कळणारच नाही. मी आपली कुणाच्या तरी भलत्याच अंगणात जाऊन बसेन, बहुतेक चोनाच्या.

आता तुला वाटेल ते लिही. लिहू नकोस असं मी म्हणणार नाही.

बासिलिया


पालो वेर्दे,
२ एप्रिल

ओब्दुलिया, पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा चष्मा भिजला म्हणून राहिलं.

तू लिहितेस: 'मला माहीत होतं, सासूबाई. मेलेल्यांच्या दिवसापासूनच. मामंजींच्या फोटोपुढचा झेंडू पाण्यात कुजला होता, खोलीत उभं राहवत नव्हतं, आणि तुम्ही वाकून म्हणालात, काय सुगंध आहे! तेव्हा कळलं. पेटीच्या दिवशी मला सांगता आलं असतं. पण वीस घरं तुमच्या नाकावर शेंगा आणतात. दोष दोघींपैकी एकीवर जाणारच होता. मला जायला बापाचं घर होतं. तुम्हाला खळ्याशिवाय कुठे काय होतं?'

आणि खाली: 'हात हुंगायचात तेही माहीत होतं. मी राखेने धुवायचंच सोडलं होतं तेव्हा. नुसतं पाणी घ्यायची. तरी तुम्हाला तेवढाच यायचा.'

कार्टे! एवढं वाचल्यावर मी हसले, एकटी, स्वयंपाकघरात, आणि मग जे रडू आलं ते उतू गेलेल्या दुधाच्या सकाळचंही त्यात होतं. मी तुला नाकाचं कौतुक लिहीत होते, जणू तुझ्यात तेवढंच आहे. वीस माणसांसमोर खोटा आळ घेऊन गप्प बसणं, तेही तो घालणारीची लाज राखायला, हे मला या जन्मात जमलं नसतं. माझ्या आईलाही नसतं जमलं. तू आम्हा सगळ्यांहून मोठी निघालीस आणि मी तुला झाडू धरायला लावत होते.

काल पेटी उघडली. सगळे आले होते. झाकणाला हात लावायच्या आधी मी म्हटलं, "थांबा. आज मी हुंगणार नाही. मला अडीच वर्षं कसलाच वास येत नाही." कुणीतरी हसलं, गंमत समजून. मी म्हटलं, "त्या वर्षी मासळी नव्हती. बुरशी होती. शेंगा ओल्या मी भरल्या होत्या. सुनेने हुंगते म्हटलं होतं, मीच हुंगू दिलं नाही."

मग क्रिसोफोरोकाका काठी आपटत पुढे आले. मला वाटलं आता मारतात. म्हणाले, "म्हणजे ओली गोधडीच होती?" मी म्हटलं, "हो, काका." "आणि मी दोन वर्षं बायकोला म्हणतोय, माझं नाक कामातून गेलं! सकाळची कॉफी बंद केली मी, वास कळत नाही म्हणून! कळत होता की गं मला!" आणि तो म्हातारा तिथल्या तिथे, सगळ्यांना ढकलत, उघड्या पेटीवर ओणवा होऊन हुंगायला लागला. बाकीचे भीतभीत आले. एकेकाने हुंगलं. चोना रडत होती, पण ती लग्नातही रडते.

पेटी कशी आहे ते मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. या वेळी कोणी मागे सरकलं नाही.

मग चोनाच्या नवऱ्याने विचारलं, "मग या साली हे सगळं हुंगलं कुणी?" मी म्हटलं, "सुनेने. तेकोलुत्लाहून." ते म्हणाले, "आणि पुढच्या साली?" लोक मला टाकून बोलले नाहीत, पण डिसेंबरात शेंगा इथे आणायच्या की पापांतलाच्या व्यापाऱ्याकडे, ते अजून ठरलेलं नाही. मी त्यांना भरीस घातलं नाही, तुलाही घालणार नाही. यायचं तर तुझ्या मनाने ये. नाही आलीस तर मी हात जोडून सांगेन की हे खळं माझ्या हयातीतच बंद झालं, आणि त्यात कुणाच्या मासळीचा दोष नव्हता.

पण ईस्टरला एवेलिओची सकाळची गाडी रिकामी येते. येशील तर चेपिनाला पुढे बसव, तिला गाडी लागते. बापाला म्हणावं, धुरी दिलेल्या बोयींची टोपली दे, जशी पहिल्यांदा दिली होती तशी. ती या वेळी दारात थांबणार नाही. मला चव लागते ती नुसती मिठाची, पण तू शेजारी बसून सांग, वास कसा आहे. लाकूड कुठलं जाळलं, समुद्र किती, सगळं सांग. माझा सगळ्यात नावडता वास परत कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा आहे मला. आणि मी गेल्यावर पाकळ्या जरा जास्त टाका, हाका मारा, काहीतरी करा. तुझ्या लग्नात पाद्रीबाबांच्या झग्याला कसला वास येत होता तेही एकदा सांगून टाक.

हात मात्र धुवावे लागतील. व्हॅनिला आहे ती, तिथे सासू-सून काही नाही. विहिरीवर राख ठेवणार नाही, लिंबं ठेवीन. तू हात पुढे कर, पाणी मी ओतते. आणि पुसून झाले की तूच हुंग आणि तूच मला सांग, वास गेला की अजून येतो. तू म्हणशील ते खरं.

तुझी
बासिलिया